खुंट नंबर चार

बुडीत क्षेत्राच्या पाहणीला गेलो तेव्हा
तापीच्या काठावर सात खुंट होते.
पाच काळ्या दगडाचे, एक बाभळीचा,
आणि एक रुळाचा तुकडा; तो अमळनेरहून
कुणी, कसा आणला,
हे सांगणारं माणूस उरलं नव्हतं.

फॉर्मवर रकाने होते: घर, विहीर, गोठा, झाड, देऊळ, थडगं.
खुंटाला रकाना नव्हता.

सुपडू वाडिले माझ्यासोबत उतार उतरला
टेपचं दुसरं टोक धरून.
नदी जशी आटत जाते त्या क्रमाने, वरून खाली,
तो नावं सांगत गेला:
पुराचा.
पोळ्याचा.
मग लगीनखुंट, कारण वऱ्हाडाची नाव तिथे लागायची,
तिथे खडक आहे, नवरीचा पाय चिखलात जात नाही.
चौथ्याला नाव नाही. त्याला नुसतं 'तो'.
खालचे तीन उन्हाळ्याचे,
नदी एवढीशी होऊन
दगडादगडांतून वाट काढते तेव्हाचे.

'तो' कमरेएवढा. डोक्याखाली गोल खाच,
काथ्याच्या दोराने पाडलेली.
करंगळी घातली. पेरभर आत गेली.
त्या पेरात काय काय ओढलं गेलं असेल:
सरकीची पोती, बकऱ्या, ज्वारी, शाळेचं फर्निचर,
आणि एकदा, सुपडू म्हणाला, पंचनाम्याचं प्रेत,
फौजदाराशेजारी बसवलेलं,
कारण आडवं ठेवायला जागा नव्हती.

मग तो खुंटाला टेकला आणि विडी पेटवली.
"सुरतले मी रेतीना बार्जवर व्हतू, तीन वरीस.
तठेबी हाईच तापी.
पन तठे दिनमा दोनदा माघारी येस.
खुंटले ठाऊक ऱ्हास, गयं ते पानी सांजले परत येस.
आठे गयं ते गयं."
तीन वर्षं तो म्हणे रात्री उठून बघायचा,
समुद्राने ढकललेली नदी
आपल्या गावाकडे चालताना.
कुठवर जाते ते त्याने कधी विचारलं नाही.

मी 'इतर'खाली लिहिलं:
दगडी व अन्य खांब, नग सात. मालकी अज्ञात. मूल्यांकन निरंक.
"निरंक म्हंजे?"
म्हटलं, म्हणजे काही नाही.
त्याने मान हलवली,
आणि टेप गुंडाळताना
तिच्यावरचा चिखल धोतराच्या सोग्याने पुसत राहिला,
मीटर मीटर.

पुढे बॅरेजला दरवाजे बसले.
पाणी आलं आणि गेलंच नाही.
ना भरती, ना ओहोटी; आठवडाभर एकच आकडा
रजिस्टरात मी लिहायचो, आदल्या ओळीखाली दोन टिंबं देऊन.
सुपडू गेल्याचं मला दोन वर्षांनी कळलं,
तेही दुसऱ्याच कामाला फोन केला तेव्हा.

गेल्या मेमध्ये दुरुस्तीसाठी दरवाजे उचलले.
पाणी तीन मीटर उतरलं. दुर्गंधी, शिंपले,
एक प्लास्टिकची खुर्ची.
वरचे तीन खुंट रस्त्याच्या कामात कधीच गेले होते.
खालचे गाळात.
मधे 'तो', हिरवा, बुळबुळीत, डोक्यावर बगळ्याची शीट,
आणि त्याला निळा नायलॉनचा दोर.
दोराच्या टोकाला दोन पिंपांचा तराफा,
तराफ्यावर साडेसातची मोटर,
तिचा पाइप चढण चढून केळीत गेलेला.

मोटरीपाशी एक पोरगा होता, अठरा-एकोणीसचा.
विचारलं, हा पाण्याखाली होता, तुला सापडला कसा?
"पाय लागना," तो म्हणाला,
आणि स्टार्टर दाबला.

तराफा थरथरला, दोर ताणला.
नायलॉनने दगडाला खाच पडत नाही म्हणतात.
मी वाकून बघितलं:
दोर जुन्या खाचेतच बसला होता, गच्च.
करंगळी घालायला जागा नव्हती.